क्रूझवरची वाइन: दर्जा, दर आणि स्वतःची बाटली (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

क्रूझचं बुकिंग झालं की वाइनचे प्रश्न सुरू होतात. जहाजावर चांगली मिळते का, एवढी महाग का, घरून एखादी बाटली नेली तर चालते का. खालची उत्तरं मोठ्या समुद्री क्रूझ कंपन्यांना धरून लिहिली आहेत आणि दर अमेरिकी डॉलरमध्ये आहेत, कारण बहुतेक जहाजांवर हिशेब त्याच चलनात होतो. रकमा आणि मर्यादा कंपन्या अधूनमधून बदलतात. म्हणून निघण्याच्या आठवड्यात आपल्या कंपनीचा नियम एकदा तिच्याच वेबसाइटवर वाचून घ्या.

जहाजावरची वाइन खरंच चांगली असते का?

जहाज केवढं आहे आणि कोणत्या वर्गातलं आहे, त्यावर बरंचसं ठरतं. रॉयल कॅरिबियनच्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर एका केबिनमध्ये दोघं धरले तरी ५,६१० प्रवासी मावतात. अशा जहाजांची वाइनची यादी कंपनीच्या मुख्यालयात, सगळ्या ताफ्यासाठी एकदम ठरते. मग तिथे अशाच उत्पादकाची वाइन घेता येते, जो हजारो पेट्या एकाच चवीच्या, वर्षभर आणि वेगवेगळ्या बंदरांत पोचवू शकेल. वर्षाला काहीशे पेट्या काढणारा छोटा उत्पादक कितीही उत्तम असला तरी इथे बसत नाही. म्हणून मोठ्या जहाजावर ओळखीची, सरळ, न बिघडलेली वाइन मिळते, पण चकित करणारी क्वचितच मिळते.

लहान आणि महागड्या जहाजांवर चित्र वेगळं असतं. सिल्व्हरसी, सीबोर्न, रीजंट या कंपन्यांच्या भाड्यातच वाइन धरलेली असते आणि रोजची वाइनही विचारपूर्वक निवडलेली असते. मात्र तिथेही खास बाटल्यांची वेगळी यादी असते आणि तिचे पैसे वेगळे पडतात.

मोठ्या जहाजावर असाल तर एक गोष्ट नक्की करा. मुख्य डायनिंग हॉलमधल्या यादीवर थांबू नका. जादा पैसे घेऊन जेवण देणाऱ्या खास रेस्टॉरंटची यादी बहुधा अधिक चांगली असते. ती बघायला मागा आणि त्यातली बाटली मुख्य हॉलमध्ये मिळेल का, ते सोमेलियेला, म्हणजे वाइन सुचवणाऱ्या आणि वाढणाऱ्या जाणकाराला, विचारा. आपल्या यादीत मनापासून रस घेणारा प्रवासी त्यांना रोज भेटत नाही, त्यामुळे ते अशा वेळी मनापासून मदत करतात.

ग्लासने घेतलेली आणि बाटलीने घेतलेली वाइन यांत दर्जाचा फरक पडतो का?

पडतो, आणि माझ्या मते क्रूझवरच्या बहुतेक निराशेचं कारण हेच आहे. उघडलेली वाइन हवेच्या संपर्कात येते आणि दोन-तीन दिवसांत तिचा ताजेपणा जातो. गर्दीच्या बारमध्ये बाटली तासाभरात संपते, तिथे काळजी नाही. पण फारसं कोणी न मागणारी महागडी रेड एखाद्या शांत बारमध्ये परवापासून उघडी असू शकते. ‘ही बाटली कधी उघडली?’ एवढं विचारायला अजिबात संकोचू नका. काही जहाजांवर कोराव्हिन असतं. या उपकरणाची सुई बुचातून आत जाते आणि बाहेर आलेल्या वाइनची जागा आर्गॉन वायू घेतो, त्यामुळे बूच न काढता एकेक ग्लास देता येतो. ते असेल तिथे महागडी वाइन ग्लासने घ्यायला हरकत नाही.

विमानात वाइनची चव बदलते, तसं जहाजावर होतं का?

नाही. विमानात केबिनमधला कमी दाब आणि कोरडी हवा यांमुळे वास आणि चव बोथट होतात. जहाज समुद्रसपाटीवरच असतं.

जहाजावर गडबड होते ती तापमानाची. रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी असं सांगतात, पण त्यामागे थंड घरांतली १५ ते १८ अंशांची खोली असते. जेवणाच्या उबदार हॉलमध्ये बराच वेळ उभी राहिलेली बाटली २३-२४ अंशांवर गेली की तीतलं अल्कोहोल नाकात चढतं आणि फळांचा वास दबतो. बर्फाची बादली मागवा आणि रेड दहा मिनिटं तीत ठेवा. वेटरला नवल वाटलं तरी वाटू द्या. उलट व्हाइट कधी कधी इतकी गार येते की कशाचाच वास लागत नाही. तिला थोडा वेळ टेबलावर राहू द्या.

जहाजावर करमुक्त माल चढतो, मग वाइन एवढी महाग का?

कारण क्रूझचं भाडं मुद्दाम कमी ठेवलेलं असतं आणि कमाई जहाजावरच्या विक्रीतून काढली जाते. मद्य हा त्या विक्रीतला मोठा भाग आहे. रेस्टॉरंटच्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे: एका ग्लासची किंमत म्हणजे साधारण त्या पूर्ण बाटलीची घाऊक किंमत. एका बाटलीत ७५० मिली, म्हणजे १५० मिलीचे पाच ग्लास. जहाजंही याच हिशेबाच्या आसपास चालतात. करमुक्त खरेदीचा फायदा कंपनीला होतो, आपल्यापर्यंत तो क्वचितच पोचतो.

यादीतल्या आकड्यावर सेवाशुल्क चढतं. ते बहुतेक कंपन्यांत १८ ते २० टक्के असतं आणि बिलात आपोआप जोडलं जातं. म्हणजे ४८ डॉलरची बाटली १८ टक्क्यांनी ५६ डॉलर ६४ सेंटला पडते. बिलाखाली टिपसाठी आणखी एक रिकामी ओळ असते. ती भरायची सक्ती नाही, सेवाशुल्क आधीच गेलेलं असतं.

कधी कधी स्थानिक करही लागतो. टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदरातून निघणाऱ्या जहाजांवर, जहाज बंदरात असेपर्यंत, त्या राज्याचा कर बिलात दिसतो. केवळ युरोपीय महासंघातल्याच बंदरांत फिरणाऱ्या काही सफरींवर व्हॅट लागतो. बिलात अनोळखी रक्कम दिसली तर आधी ही शक्यता तपासा.

यादीत पैशाचं मोल कुठे मिळतं?

सगळ्यात स्वस्त बाटलीत नाही. स्वस्त बाटलीवर नफ्याची टक्केवारी सगळ्यात जास्त असते, आणि किंमत वाढत जाते तशी ती कमी होते. दहा डॉलरची वाइन चाळीसला विकली जाते, पण चाळीसची वाइन बहुधा एकशेसाठला विकली जात नाही, शंभराच्या आसपास मिळते. त्यामुळे यादीचा मधला आणि त्याच्या थोडा वरचा भाग नीट वाचा.

प्रसिद्ध नावांचा भाव नावामुळेच चढलेला असतो. शॅम्पेनऐवजी क्रेमाँ (फ्रान्सची) किंवा कावा (स्पेनची) ही फेसाळ, म्हणजे स्पार्कलिंग वाइन घ्या. दोन्हींत शॅम्पेनसारखंच दुसरं किण्वन बाटलीतच होतं. प्रोसेक्कोत ते मोठ्या टाक्यांत होतं, म्हणून तिची चव वेगळी, फळांकडे झुकणारी असते. वाईट नव्हे, पण ती शॅम्पेनची जागा घेत नाही. रेडमध्ये पोर्तुगाल, दक्षिण फ्रान्सचा लाँगडॉक भाग आणि अर्जेंटिनाची माल्बेक बघा. व्हाइटमध्ये दक्षिण आफ्रिकेची शेनाँ ब्लाँ मला सगळ्यात भरवशाची वाटते.

ड्रिंक्स पॅकेज घ्यावं का?

आधी हिशेब मांडा. समजा पॅकेज दिवसाला ७० डॉलर आहे. १८ टक्के धरून ते ८२ डॉलर ६० सेंट होतं. वाइनचा ग्लास १२ डॉलरचा असेल तर शुल्कासह १४ डॉलर १६ सेंट. म्हणजे पॅकेज वसूल व्हायला रोज सहा ग्लास हवेत, आणि तेही बंदरात उतरून दिवस बाहेर काढला त्या दिवशीसुद्धा. जेवणाबरोबर एक-दोन ग्लास घेणाऱ्याला हे कधीच परवडणार नाही. कॉफी, पाणी, कॉकटेल असं सगळं मिळून घेणाऱ्याला परवडू शकतं.

त्यात दोन अटी लपलेल्या असतात. पहिली, एका ग्लासच्या किमतीला मर्यादा असते. तिच्या वरची वाइन मागितली तर फरक भरावा लागतो, आणि चांगल्या वाइन नेमक्या त्या रेषेच्या वर असतात. दुसरी, रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हलसारख्या कंपन्यांत एका केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचं पॅकेज घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. वाइनप्रेमीच्या शेजारी न पिणारा जोडीदार असेल तर पॅकेज विसरा.

मग बाटल्यांचं वाइन पॅकेज काय असतं?

काही कंपन्या ठरावीक संख्येच्या बाटल्या आधीच एकत्र घेतल्या तर सूट देतात. रोज जेवणाला वाइन घेणाऱ्या दोघांसाठी हा पर्याय मला ग्लासच्या पॅकेजपेक्षा कितीतरी बरा वाटतो. बाटली एका रात्रीत संपलीच पाहिजे असं नाही. वेटर ती पुन्हा बंद करतो, तिच्यावर केबिन नंबर लिहितो आणि दुसऱ्या दिवशी आणून देतो, दुसऱ्या रेस्टॉरंटमध्ये बसलात तरीसुद्धा. घेण्याआधी पॅकेजमधल्या वाइनची नावं मागून घ्या. काही पॅकेजं यादीतल्या सगळ्यात न खपणाऱ्या बाटल्यांची असतात.

स्वतःची बाटली नेता येते का?

बहुतेक मोठ्या कंपन्यांत येते, पण मोजकी. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल मद्यपानाच्या वयाच्या प्रत्येक प्रवाशाला चढण्याच्या दिवशी वाइन किंवा शॅम्पेनची ७५० मिलीची एक बंद बाटली आणू देतात. प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका एक बाटली बिनशुल्क आणू देतात आणि त्यावरच्या प्रत्येक बाटलीला कॉर्केज, म्हणजे बाहेरून आणलेल्या बाटलीचं शुल्क, घेतात. नॉर्वेजियनचा नियम उलटा आहे. तिथे संख्येवर बंधन फारसं नाही, पण जहाजावर येणाऱ्या प्रत्येक बाटलीवर शुल्क लागतं, ती केबिनमध्ये प्यायलात तरी. डिस्ने पहिल्या दिवशीच नव्हे तर प्रत्येक बंदरावरूनही दोन बाटल्या आणू देते, हा मोठा अपवाद आहे. वायकिंगच्या समुद्री जहाजांवर स्वतःची वाइन आणायला कॉर्केजही लागत नाही. एमएससी मात्र बाहेरचं मद्य जहाजावर येऊच देत नाही.

खोक्यातली वाइन, मोठ्या मॅग्नम बाटल्या आणि व्हिस्की-रमसारखी कडक मद्यं जवळजवळ सगळीकडे नाकारली जातात.

कॉर्केज कशासाठी, आणि ते कधी लागतं?

आपली बाटली जेवणाच्या हॉलमध्ये उघडून, ग्लास देऊन वाढायचे पैसे म्हणजे कॉर्केज. ते साधारण १५ ते ३० डॉलरच्या दरम्यान असतं. बहुतेक कंपन्यांत केबिनमध्ये प्यायलेल्या पहिल्या बाटलीला ते लागत नाही. आपल्या केबिनमध्ये ओतलेला ग्लास हातात घेऊन जेवायला आलेल्या प्रवाशाला सहसा कोणी अडवत नाही. पूर्ण बाटली टेबलावर आणली की मात्र कॉर्केज द्या, आणि सोमेलियेलाही एक घोट चाखायला द्या. दिवसभर तीच ती यादी वाढणाऱ्या माणसाला वेगळी वाइन चाखायला मिळाली तर तो खूश होतो, आणि पुढच्या रात्री तुमच्यासाठी काहीतरी चांगलं शोधून ठेवतो.

एकच बाटली न्यायची, तर कोणती न्यावी?

हा प्रश्न बहुतेक जण पैसे वाचवण्याच्या नजरेने सोडवतात आणि तिथेच संधी वाया जाते. बारा डॉलरची साधी बाटली नेली आणि १५ डॉलर कॉर्केज दिलं तर २७ डॉलर झाले. तशीच बाटली जहाजावर ४० अधिक सेवाशुल्क, म्हणजे सत्तेचाळीसच्या आसपास मिळते. वीस डॉलर वाचले, पण प्यायलात तीच वाइन जी जहाजावर होतीच. आता पन्नास डॉलरची बाटली घ्या. कॉर्केजसह ६५ झाले. त्या दर्जाची बाटली जहाजाच्या यादीत शंभराच्या पुढे असते, त्यावर शुल्क वेगळं, आणि तुम्हाला हवी असलेली नेमकी ती बहुतेक वेळा यादीत नसतेच.

म्हणून नेण्याची परवानगी असलेली ती एक बाटली जहाजावर न मिळणारी हवी. छोट्या उत्पादकाची. तुम्ही लग्नाच्या वाढदिवसासाठी राखून ठेवलेली. ज्या बंदरांत जाणार आहात तिथल्या मातीतली. स्वस्त वाइन जहाजाकडे भरपूर आहे, तिच्यासाठी ही परवानगी खर्च करू नका.

दोन गोष्टी मात्र टाळा. फार जुनी रेड नेऊ नका. तिच्या तळाशी गाळ बसलेला असतो, प्रवासात तो ढवळला जातो आणि वाइन गढूळ, कडसर लागते. तो गाळ खाली बसायला बाटली दिवसेंदिवस शांत उभी राहावी लागते, आणि डोलणाऱ्या केबिनमध्ये ते मिळत नाही. आणि काचेच्या जड तळाची शोभेची बाटली घेऊ नका, वजन उगाच वाढतं.

एक आगळा पर्याय सांगते. तो म्हणजे समुद्रानेच घडवलेली वाइन: मादेरा. अटलांटिकमधल्या त्याच नावाच्या बेटावरून जहाजांच्या तळघरांत पिंपं भरून जायची. उष्ण कटिबंधातल्या उकाड्याने आणि हेलकाव्यांनी ती वाइन बिघडण्याऐवजी अधिक चांगली होते, हे व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं, आणि मग मुद्दाम फेरी मारून आणलेल्या वाइनला जास्त भाव येऊ लागला. आज तीच उष्णता बेटावर, कोठारांत देतात. हवा आणि उकाडा दोन्ही आधीच सोसलेले असल्यामुळे उघडलेली मादेरा महिनोन् महिने टिकते. सात रात्रींच्या सफरीत रोज जेवणानंतर छोटा ग्लास घेतला तरी शेवटच्या रात्री ती पहिल्या रात्रीइतकीच चांगली असते. फक्त तिच्यात अल्कोहोल १७ ते २० टक्क्यांच्या घरात असतं, त्यामुळे तुमची कंपनी तिला वाइन मानते ना, हे आधी ईमेलने विचारून उत्तर जवळ ठेवा.

बाटली कोणत्या सामानात ठेवायची?

जहाजावर चढताना हातातल्या सामानात. बंदरावर हमालाकडे दिलेल्या बॅगा एक्स-रेमधून जातात, त्यात बाटली दिसली की बॅग अडकते आणि पहिल्या संध्याकाळी ती सोडवायला जावं लागतं.

बंदरापर्यंत विमानाने जात असाल तर तिथे नेमकं उलटं. हातातल्या सामानात १०० मिलीहून जास्त द्रव नेऊ न देण्याचा नियम बहुतेक विमानतळांवर असतो, त्यामुळे बाटली चेक-इन बॅगेतच द्यावी लागते. २४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या पेयांना विमानवाहतुकीच्या सुरक्षा नियमांत प्रमाणाची मर्यादा नाही, त्यामुळे वाइनला अडचण येत नाही. बाटली कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवा आणि भोवती प्लॅस्टिकची पिशवी घाला. भरलेली बाटली सव्वा ते दीड किलोची असते, हे वजनाच्या हिशेबात धरा. विमानातून उतरल्यावर, बंदरावर जायच्या आधी ती हातातल्या बॅगेत घ्यायला विसरू नका.

बंदरात उतरून विकत घेतलेली वाइन केबिनमध्ये नेता येते का?

बहुतेक कंपन्यांत नाही. गँगवेवरच्या, म्हणजे जहाजावर चढायच्या पुलावरच्या, तपासणीत ती ठेवून घेतात, पावती देतात आणि शेवटच्या रात्री किंवा उतरायच्या सकाळी परत करतात. पावती जपा. सांतोरिनीत आसिर्तिको, काडिझला उतरून हेरेसची शेरी, केपटाउनहून स्टेलेनबॉशची रेड अशी खरेदी करायला हे कारण आड येऊ देऊ नका. ती घरी नेऊन पिण्यासाठीच घ्यायची, एवढं ठरवलं की झालं.

वाइनच्या बाटलीत दुसरं मद्य भरून नेलं तर?

नेऊ नका. सील आणि बूच तपासतात, बाटली ओतून टाकतात, आणि कराराप्रमाणे कंपनी तुम्हाला जहाजावरून उतरवूही शकते.

केबिनमध्ये वाइन कशी ठेवायची?

बाल्कनीत अजिबात नको, उन्हात काही तासांत ती शिजल्यासारखी होते. कपाटाच्या तळाशी, आडवी, कपड्यांत टेकवून ठेवा म्हणजे जहाज हललं तरी घरंगळणार नाही. अनेक केबिनमधला छोटा फ्रिज म्हणजे नुसता कूलर असतो, व्हाइट त्यात पुरेशी गार होत नाही. केबिन अटेंडंटकडे बर्फाची बादली मागा. बादलीत नुसता बर्फ नको, त्यात पाणीही घाला. बाटली सगळीकडून भिजली की वीस मिनिटांत गार होते. स्पार्कलिंगच्या बाटलीत पाच ते सहा वातावरणांइतका दाब असतो. बूच घट्ट धरून बाटली फिरवा, आणि ते समुद्राकडे उडवण्याचा मोह आवरा, खालच्या बाल्कनीतही माणसं असतात.

जहाजावर घेतलेली बाटली बिघडलेली निघाली तर परत करता येते का?

येते, आणि करायलाच हवी. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा दमट तळघराचा वास आला तर ती बुचाने बिघडलेली असते. ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाचं संयुग त्याला कारण असतं आणि ते कोणत्याही महागड्या बाटलीत असू शकतं. सोमेलियेला वास घ्यायला सांगा, तो दुसरी आणेल. आवडली नाही म्हणून मात्र परत करता येत नाही. बाटली उघडण्याआधी लेबलवरचं साल यादीतल्या सालाशी जुळतंय ना, तेही बघा. जहाजावर नवा माल चढतो आणि छापील यादी जुनीच राहते, असं नेहमी होतं.

नदीवरच्या क्रूझवर काय नियम असतात?

खूप सैल. दोरू, ऱ्हाइन किंवा बोर्दोजवळच्या गॅरोन नदीवरच्या जहाजांवर दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर वाइन बहुधा भाड्यातच असते आणि ती त्याच खोऱ्यातली असते. किनाऱ्यावर घेतलेली बाटली टेबलावर आणायलाही अनेक कंपन्या हरकत घेत नाहीत. वाइनसाठीच सफर करायची असेल तर मी समुद्राआधी नदी सुचवेन.

वयाची अट काय?

अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजांवर २१ वर्षं. युरोपातून निघणाऱ्या बहुतेक सफरींवर १८.

परतताना किती बाटल्या करमुक्त आणता येतात?

ते उतरण्याच्या देशावर अवलंबून आहे. अमेरिकेत २१ वर्षांवरील प्रवाशाला एक लिटर. युरोपीय महासंघात बाहेरून येणाऱ्याला चार लिटर साधी वाइन. ब्रिटनमध्ये २०२१ पासून १८ लिटर, म्हणजे ७५० मिलीच्या २४ बाटल्या. जास्त असेल तर लपवू नका, जाहीर करा. वाइनवरचा कर अनेकदा वाटतो त्याहून कमी निघतो, आणि न सांगता पकडलं गेलं तर बाटल्याही जातात आणि वर दंड भरावा लागतो. पॅकेजमधल्या न उघडलेल्या बाटल्याही या मोजणीत येतात, म्हणून शेवटच्या दोन रात्री किती उघडायच्या ते आधीच ठरवा.